शंभर टक्के व्हय म्हाराजा

आडबंदर, खाडीवाडा
६ फेब्रुवारी २०२५

चि. संचिता,

मावशीचा आशीर्वाद तुला आहेच, तो दर कागदात नव्याने लिहीत बसत नाही.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस. मी मासळी विकते तेव्हा गिऱ्हाइकाला कधी म्हटलं नाही की मी मीटिंगमध्ये आहे. पण रविवारच्या सभेत तुझ्या संस्थेच्या विनीत सरांनी सांगितलं, सूचना असतील त्या लेखी द्या. म्हणून शेजारच्या फ्लाव्हिया टीचरकडून वहीचे कागद मागून आणलेत. चौथीनंतर एवढं एकदम कधी लिहिलेलं नाही. काही चुकलं तर तुमच्या पुण्याच्या लोकांनी सहभागाने सुधारून घ्यावं.

तुला ताप आला म्हणून तू आली नाहीस म्हणे. मग इथे काय झालं ते ऐक.

सभा कुठे, तर आमच्या वाळवणीच्या खळ्यावर. व्हाळ खाडीला मिळतो त्याच्या तोंडाशी हे खळं, तुला सांगायला नको, लहानपणी सुट्टीत येऊन तिथेच लोळायचीस. सुके बांगडे आणि गोलमो-जवळा उचलायला लावून शंभर खुर्च्या मांडल्या. मग तुमच्या दोन मुली नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "किती छान मोकळी जागा आहे!" मोकळी कुठली गो? उन्हात ती मासळीची आणि पावसात पाण्याची. रिकामी ती एक दिवस नसते.

मग नकाशा पसरला. हातात हिरव्या टिकल्या दिल्या, तुमच्या आवडत्या जागेवर लावा म्हणाल्या. सगळ्या बायांनी खळ्यावर लावल्या. दिवसभर आम्ही बसतो तिथेच, दुसरी जागा ठाऊक कुणाला? पाणी भरतं तिथे लाल लावायच्या होत्या. त्या कमी पडल्या, कारण दोघींनी कपाळाला लावल्या.

शेवटी आबांना उभं केलं. जत्रेतलं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं आबाच घालतात. आवाज असा की खाडीपलीकडचा होडीवाला हूं म्हणतो. त्यांनी सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां हय जमली आसत, त्येंका सुखी ठेव रे म्हाराजा!" आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा!" तेवढ्यात एका मुलीने त्यांच्या हातात कागद दिला. आबांचा चष्मा घरी. पण गाऱ्हाणं मधे तोडायचं नसतं, म्हणून ते दिसेल तसं वाचत रेटत गेले, "बा बायोस्वेला, तू हय येवन आमच्या व्हाळाच्या तोंडार बस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी फ्लाव्हियाला विचारलं, "हो देव खंयचो गो?" ती म्हणाली, "माका काय विचारतस? मी तुमच्या देवांका वळखत नाय."

असे आठ-दहा देव झाले. मग वडापाव, मग हजेरीची सही, मग सगळे गाडीत बसून गेले.

आता माझी सूचना लेखी घे. हा बायोस्वेल कोणीही असो, व्हाळाचं तोंड बांधायचं नाही. बांधलंत तर पाणी कोणाच्या घरात येईल ते सांगायला मला टिकली नको.

तुझी मावशी
पद्मावती

---

पुणे
१८ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून खूप हसले. ऑफिसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. तुझ्यासारखे जागरूक हितधारक असतील तर आपली शहरं पुराला नक्की तोंड देतील, असं सर म्हणाले.

बायोस्वेल हा देव नाही गं. तो गवताचा उथळ चर. रस्त्यावरचं पाणी त्यातून सावकाश वाहतं, थोडं मुरतं. त्याच्या शेवटी पावसाची बाग होणार. खोलगट जागेत वाळू-मातीचे थर, वर झाडं, कडेने चिऱ्यांची बसकी भिंत. पाणी तिथे थांबेल, जिरेल, घरांकडे येणार नाही. सिमेंटची गटारं बांधण्यापेक्षा हे किती चांगलं, तूच सांग. नगरपंचायतीनेही मान्यता दिली आहे.

जागा तुम्हीच निवडलीत. सगळ्यात जास्त हिरव्या टिकल्या खळ्यावर होत्या, म्हणजे लोकांना तिथे काहीतरी सुंदर हवं आहे, हे स्पष्ट झालं. आणि सहमती त्रेसष्टपैकी त्रेसष्ट! आमच्या कुठल्याच प्रकल्पात असं झालं नव्हतं. अहवाल सोबत पाठवते. त्यात तुझा फोटोही आहे, पान नऊ.

काळजी करू नकोस. सगळं लोकसहभागातूनच होतंय.

तुझी
संचिता

ता. क. आईकडे कोणी कणकवलीला जाणार असेल तर थोडे सुके बांगडे पाठवशील? इथे मिळतात त्यांना चवच नाही.

---

खाडीवाडा
१४ मार्च २०२५

चि. संचिता,

सुके बांगडे ज्या खळ्यावर वाळतात तिथे तू बाग करते आहेस आणि बांगडेही मागते आहेस. पोट तुझं कोणत्या खात्यात काम करतं?

अहवाल फ्लाव्हियाने वाचून दाखवला. टीचर आहे ती, तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, तिला असल्या कागदाची सवय. पान नऊवर माझा फोटो आहे, खाली लिहिलंय "आनंदी महिला". मी तेव्हा कावळ्याला हाकलत होते.

आणि पान सतरा. "प्रत्येक प्रस्तावाला उपस्थितांनी पारंपरिक पद्धतीने एकमुखाने होकार दिला. चित्रफीत जोडली आहे." होकार? गो, दोन वर्षांमागे जत्रेत आबांनी गाऱ्हाणं घातलं की वरच्या वाडीतल्या म्हशीला रेडी होऊ दे. मी त्यालाही व्हय म्हाराजा म्हटलं. म्हणून म्हशीचं बाळंतपण माझ्या गळ्यात आलं काय? गाऱ्हाण्यात गप्प राहायचं नसतं. शेजाऱ्याच्या चांगल्यासाठी मागणं चाललेलं असतं, त्याला मागून जोर द्यायचा असतो. बोलणं असतं आमचं आणि देवाचं. मधे कागद घेऊन उभे राहणारे तुम्ही कोण?

आता ऐक. तुझं पत्र हाताने लिहिलेलं होतं, ते बरं केलंस. आबांना म्हटलं, सभेतला तो कागद आहे काय? त्यांच्या सदऱ्याच्या खिशात अजून होता, एकदा धुतलेला. दोन्ही कागद शेजारी ठेवले. अक्षर एकच. तापात पडलेल्या माणसाचं अक्षर बरंच सरळ येतं तुझ्याकडे.

उरलेलं तुझ्या आईने सांगितलं, फोनवर, मोठ्या अभिमानाने. गाऱ्हाण्याची युक्ती संचिताचीच. त्यावरून तिला बक्षीस मिळालं, काचेचा मोठा थेंब, पुण्याच्या घरात टीव्हीवर ठेवलाय. मला तू सगळं लिहिलंस, थेंब राहिला.

इकडे काम सुरू झालंय. खळ्यालगतची कांदळाची झाडं तोडली, खळ्यावर खड्डा खणला, दगड-वाळू ओतली. व्हाळाच्या तोंडावर चिऱ्यांची कड उचलली, दीड हात. तिला एक पाइप, सहा इंचाचा. मी मुकादमाला म्हटलं, "ह्या व्हाळाक सहा इंचातसून जावक कोणी शिकवला?" तो म्हणाला, प्लॅनमध्ये आहे.

तुमच्या सरांनी जागा मोजली जानेवारीत, दुपारी, ओहोटीला. मी बघितलंय. चकचकीत बूट होते, चिखल लागला नाही म्हणून खूश होते. भरतीला आले असते तर त्याच जागी होडीत उभं राहून मोजावं लागलं असतं. इथे पाणी दोन बाजूंनी येतं. वरच्या कातळाच्या सड्यावरून पावसाचं आणि खाडीतून उधाणाचं. दोन्ही एका वेळी आली की खळ्यावर पसरतात, ओहोटी लागेपर्यंत बसतात, मग निघून जातात. आता ती जागा तुम्ही बांधली. बसायला आमची घरंच उरली.

तुला हे ठाऊक नाही असं म्हणू नकोस. सहा वर्षांची असताना अशाच उधाणात तुला मासळीच्या टोपलीत घालून, डोक्यावर घेऊन मी फ्लाव्हियाच्या माडीवर नेली होती. वरून ओरडत होतीस, "मावशी, टोपलेक वास येता!"

मे संपायच्या आत ती कड फोडून घे. लेखी सांगते आहे.

पद्मावती

---

पुणे
२६ मार्च २०२५

ती. मावशी,

अक्षर माझं आहे. ताप नव्हता. तुम्हा सगळ्यांसमोर ओळखपत्र घालून उभं राहायची लाज वाटली, म्हणून आले नाही.

पण माझा हेतू वाईट नव्हता. सभांना लोक येतात, गप्प बसतात, जातात. मला वाटलं, आपल्या पद्धतीने, आपल्या बोलीत मांडलं तर लोक मोकळे होतील. झालेही. तुम्ही किती जोरात बोलत होतात! चित्रफीत बघताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. त्याला होकार म्हणायचं हे नंतर ठरलं. मी विरोध केला नाही, एवढं खरं.

तुझी सूचना मी अहवालाच्या परिशिष्टात घातली आहे. उधाणाचं सरांना सांगितलं. ते म्हणाले, सर्वेक्षणात जागा कोरडी होती. आराखडा अंतिम झालाय आणि समुदायाची मागणी असल्याशिवाय त्यात बदल होत नाही. समुदायाची मागणी म्हणून कागदावर आहे ती हीच बाग.

पाइप सहाऐवजी आठ इंचाचा करून घेतलाय. तेवढंच जमलं.

आईने थेंबाचं उगाच सांगितलं.

संचिता

---

खाडीवाडा
२८ मे २०२५

संचिता,

तुझ्या परिशिष्टात पाणी भरलंय.

आधी सोहळ्याचं सांगते, मग सुतकाचं. दहा तारखेला बागेचं उद्घाटन झालं. फीत कापली. एक बाक ठेवला, त्यावर मासळी वाळत घालायची नाही अशी पाटी लावली. दुसरी मोठी पाटी, "समुदायाने समुदायासाठी उभारलेली पावसाची बाग." लांबून आणलेलं कसलंतरी निळं गवत लावलं. सरांनी मला बाकावर बसवून फोटो काढला. या वेळीही कावळा होता.

काल अवस. तीन दिवस वर सड्यावर पाऊस धरलेला. दुपारी बाराच्या भरतीला खाडी तुमच्या आठ इंचांतून उलटी आत आली आणि व्हाळ वरून तुमच्या कडेवर येऊन थडकला. मागे वळला आणि घरात शिरला. किती सभ्य पाणी, बागेला धक्का लावला नाही. कड शाबूत, बाक शाबूत. फक्त "समुदायाने समुदायासाठी" ती पाटी सुटली आणि पोहत पोहत आबांच्या ओट्याला लागली.

आबा खाटेवर बसलेले, खाटेखाली पाणी. मी त्यांना उचलायला गेले तर म्हणाले, "पद्मा, ह्या मीच मागितलंय गो. माज्या तोंडान मागितलंय. मीच म्हटलंय तोंडार येवन बस." माणूस रडत होता. ऐंशी वर्षांच्या माणसाने आयुष्यभर गावासाठी मागितलं, आणि तुम्ही त्याच्या तोंडात कागद कोंबून त्याच्याच घरात पाणी मागून घेतलं. शिरा पडली तुमच्या थेंबार!

माझ्या घरात गुडघाभर. पावसाळ्यात होड्या बंद, तेव्हा विकायला आणि खायला जे सुकं ठेवलं होतं त्या चार टोपल्या गेल्या. आज सकाळी ते सगळं खाडीत ओतलं. कावळे खूश आहेत, त्यांचाही सहभाग नोंदवून घे.

ही काही मोठी भरती नव्हती. पुढच्या अवसेची, पंचवीस जूनची, हिच्याहून चढी असते आणि तोवर पाऊस पुरा लागलेला असतो. तेव्हा कड असली तर गुडघ्यावर थांबणार नाही. वाड्यातला भाई कुदळ घेऊन निघालाच होता, मी अडवला. सरकारी काम मोडलं म्हणून त्याला आत टाकतील, आणि मग तोडफोड करणारा समुदाय असं पान अठरावर छापाल.

तू सहा वर्षांची असतीस तर टोपली काढली असती. आता तुझी तूच ये, नाहीतर तिथेच कोरडी राहा.

पद्मावती

---

पुणे
१ जून २०२५

मावशी,

स्पीड पोस्टाने पाठवते आहे, आठ तारखेच्या आत मिळायला हवं.

पत्र ऑफिसमध्ये वाचून दाखवलं नाही. घरी वाचलं. आबांचं वाचून पुढे वाचता येईना.

चूक माझी आहे. सरांची, नगरपंचायतीची, आराखड्याची, तीही आहे, पण कागद माझ्या हातचा होता. टोपलीही आठवते. व्हाळाचं तोंड कुठे आहे ते मला नकाशाशिवाय ठाऊक होतं.

आता नीट वाच. आठ जूनला, रविवारी सकाळी, सर तिथे येत आहेत. नगरपंचायतीचे मुख्याधिकारीही असतील. यशोगाथेची चित्रफीत करायची आहे, पैसे देणाऱ्यांना दाखवायला. मला या वेळी मुद्दाम पुण्यात ठेवलंय. पाणी भरल्याचं मी सांगितलं, तर सर म्हणाले, अपवादात्मक पाऊस होता.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की आराखडा बदलत नाही. पूर्ण खरं असं आहे की एका कलमाने बदलतो. समुदायाची एकमुखी मागणी नोंदली गेली आणि मुख्याधिकाऱ्यांनी मान्य केली, तर काम लगेच बदलता येतं. आणि एकमुखी मागणी कशी नोंदवायची याचा नमुना म्हणून आमच्याकडे आता एकच अहवाल आहे. पान सतरा. तो सरांनीच मंजूर केलेला आहे.

सभेची सुरुवात गाऱ्हाण्याने करायची असंही सरांनीच ठरवलंय. कॅमेरा पहिल्यापासून चालू असेल.

चित्रीकरण कापायला माझ्याकडे येणार. मी त्यातला एक शब्द कापणार नाही. मग माझं काय व्हायचं ते होवो.

तुझी
संची

---

खाडीवाडा
२७ जून २०२५

चि. संची,

चित्रफीत तू बघितलीस, तुझ्या आईने सांगितलं. पण कॅमेऱ्यात सगळं येत नाही, म्हणून लिहिते.

तुझं पत्र मी आबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "ह्या येळाक गाऱ्हाणा तू घाल." मी म्हटलं, "आबानू, बायलेन गाऱ्हाणा कधी घातलेला आसा?" तर म्हणाले, "आणि पुरुषान घातलेल्या गाऱ्हाण्यान काय झाला ता तुज्या घरात बघ."

तीन दिवस घोकलं. आबा शिकवत होते, फ्लाव्हिया कागदावर उतरवत होती. दर ओळीला ती आधी क्रूस करायची, मग लिहायची.

रविवारी सर आले. आबांच्या जागी मला बघून हरखलेच. "महिला नेतृत्व! कॅमेरा जवळ घ्या, अजून जवळ!" मग हात जोडून पहिल्या रांगेत उभे राहिले, शेजारी मुख्याधिकारी. मी पदर खोचला.

"बा देवा म्हाराजा, आज हे लांबचे सायब आमच्या पायाक पाय लावन उभे आसत, त्येंका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सरांचा आवाज सगळ्यात वर. कौतुकाने माझ्याकडे बघत होते.

"ह्या व्हाळाच्या तोंडार चिऱ्यांची कड बसली आसा, ती आज, आताच्या आता, ह्येंच्या हातसून निघांदे रे म्हाराजा!"

त्रेसष्ट नाही, नव्वद माणसं होती गो. अशी आरोळी पडली की माडावरची घार उडाली. मुख्याधिकारीही म्हणून मोकळे झाले, कणकवलीकडचे आहेत, सवयीचे. सरांचं "व्हय" निघालं आणि "म्हाराजा" घशात राहिलं. आबा खुर्चीत बसल्या बसल्या काठी आपटून म्हणाले, "सायबानू, गाऱ्हाण्यात गप रवणा बरा नाय. देव बघता." सरांनी देवाकडे बघितलं नाही, कॅमेऱ्याकडे बघितलं. आणि म्हणाले.

मग मी काही सोडलं नाही. बाग वर शाळेच्या मैदानाला जाऊ दे, पाऊस पडतो तिथेच अडू दे. व्हय म्हाराजा. बागेसाठी खाडीकाठचे कांदळ तोडले, ते परत लागू दे, आणि त्या निळ्या गवताला कोणाच्या तरी गाईच्या पोटात मोक्ष मिळू दे. व्हय म्हाराजा. खळं उन्हात मासळीचं, पावसात पाण्याचं राहू दे. व्हय म्हाराजा. पुढच्या वेळी जे कोणी मोजायला येतील ते उधाणाच्या दिवशी येऊ देत, बूट काढून. यावर बाया हसल्या, पण व्हय म्हाराजा म्हटलंच. शेवटचं, "जो कोण ह्या बोलाक फिरात, त्येच्या हापिसात गुडघाभर पाणी कायम रवांदे रे म्हाराजा!" मुख्याधिकाऱ्यांनी डोळे मिटून म्हटलं. भ्याले असणार.

मग फ्लाव्हियाने शुद्ध मराठीत लिहिलेला ठराव पुढे केला, नव्वद सह्यांचा. खाली एका ओळीत "पान सतरा पाहा." मुख्याधिकाऱ्यांनी सरांना विचारलं, "ही पद्धत तुमच्याच अहवालातली ना?" सर म्हणाले, "हो, पण..." त्या पणच्या पुढे काय होतं ते कोणाला कळलं नाही, कारण भाईची कुदळ सुरू झाली होती. पहिला चिरा मुख्याधिकाऱ्यांनी हात लावून काढला. फोटोसाठी. असू दे, चिरा निघाल्याशी कारण.

सरांच्या बुटांना चिखल लागला. मी धुवायला पाणी दिलं. आतिथ्य सोडलं नाही.

बाग शाळेकडे गेली. तिथे चर खणलेत, पोरं त्यात उड्या मारतात. पाणी गोडं, माती जांभ्याची, फ्लाव्हियाने परसातलं अळू आणि कर्दळ दिली, ती जीव धरतात. असल्या कामाला माझी ना कधीच नव्हती, संची. सिमेंटच्या गटारापेक्षा ते बरं, हे तू लिहिलं होतंस ते खरं. मला विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी शाळा दाखवली असती. टिकली न लावता.

आता पंचवीस तारखेचं. अवस, चढी भरती, सकाळपासून ओतत होता. आबा, फ्लाव्हिया, मी, सगळे माझ्या ओट्यावर बसून होतो. टोपली काढून ठेवली होती, आबांना त्यात कसं बसवायचं यावर भाईचा वाद चालला होता. पाणी आलं. दोन्हीकडून आलं. खळ्यावर पसरलं, कांदळाच्या खुंटांत घुमलं, माझ्या पहिल्या पायरीवर चढलं. दुसऱ्या पायरीला तोंड लावलं. आबा पुटपुटत होते, काय ते मी विचारलं नाही. मग ओहोटी लागली आणि आलं तसं गेलं. उंबरा कोरडा. आबा म्हणाले, "च्या टाक."

तुझी नोकरी गेली असं तुझी आई रडत सांगत होती. नंतर म्हणाली गेली नाही, दुसऱ्या टेबलावर बसवलंय. त्यांनी काढली तर इकडे ये. मुख्याधिकारी विचारत होते, वरच्या वाडीतही पाणी भरतं, तिथे चर कुठे खणायचे ते सांगायला माणूस हवंय. मी म्हटलं, माझी भाची आहे. नकाशा येतो, टोपलीतून पाणीही बघितलंय. फक्त खरं बोलायला उशीर करते.

यायचं तर अट आहे. पहिलं वर्ष कोणत्याही सभेत तू बोलायचं नाही, ऐकायचं. उधाणाला माझ्याबरोबर चिखलात फिरायचं. आणि येताना तो काचेचा थेंब आण. पायरीवर ठेवू, पाणी कुठवर आलं ते कळायला. सुके बांगडे मागू नकोस, या वर्षी नाहीत, का नाहीत ते तुला ठाऊक आहे.

कबूल असेल तर पोस्टकार्डावर दोनच शब्द लिही. कुठले ते मी सांगायला नको. पण लिहिण्याआधी हा कागद पुन्हा एकदा वाच, कशाला हो म्हणते आहेस ते बघ, आणि मग लिही.

तुझी मावशी
पद्मावती